एका फेऱ्यात दोनदा

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, आजी, रोज सकाळी रक्तदाब मोजायचा आणि इथे लिहायचा. मी म्हटलं, बाई, मला दोरीला गाठ मारता येते, आकडा काढता येत नाही. त्या म्हणाल्या, मग सुनेला सांगा. आणि आकडा वाढला तर आदल्या दिवशी घरात काय झालं तेही लिहून ठेवा, म्हणजे मला कळेल तो कशानं वाढला.

झालं! आता रोज दुपारी जेवणं आटोपली की मी बोलणार आणि सूनबाई लिहिणार. तिच्या शिकवण्या संध्याकाळी असतात, दुपार मोकळी. माझ्या तोंडून निघेल ते जसंच्या तसं उतरवायचं, असं तिनं कबूल केलंय. बिचारी. बारा वर्षं नुसतं ऐकत होती, आता लिहावंही लागणार.

डॉक्टरीणबाईंना कळावं म्हणून घरातली माणसं एकदाच सांगते. आमचे हे, एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. आता आमच्या अकरा वर्षांच्या गाडीतून नातीला शाळेत सोडतात आणि आणतात. शाळेपाशी पोचले की मागे वळून 'चला, शेवटचा स्टॉप' म्हणतात. नात आठ वर्षांची, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी बसत नाही. चिरंजीव ऑफिसात जातात. ऑफिसची बस नाक्यावर येते. सूनबाई ही लिहितेय ती. आणि मी. चाळीस वर्षं शिवणकाम केलं. गावभरच्या माणसांची मापं मी दोरीच्या गाठींत ठेवली, एकाचाही शर्ट दुसऱ्याच्या अंगात गेला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शाळेतून परत आले तेव्हा हे उजवा खांदा चोळत होते.

"स्टिअरिंग जड झालंय," म्हणाले.

मी म्हटलं, "गाडी अकरा वर्षांची, तुम्ही त्र्याहत्तर वर्षांचे. दोघांत आधी कोण जड होणार?"

"अगं, ऐक तरी. सबंध जड नाही. फिरवताना मध्येच धरतं, मग सोडतं, मग परत धरतं. एका फेऱ्यात दोनदा. आणि वळण संपलं की चाक आपणहून सरळ यायला हवं ना, ते येत नाही. ओढून आणावं लागतं."

"माणसाचंही तसंच असतं. एकदा वाकडं गेलं की आपणहून सरळ येत नाही."

सूनबाई हसली. हे हसले नाहीत. उठून अंगणात गेले आणि गाडी धुवायला लागले. ती रोजच धुतात. डेपोतली सवय. बसला जशी वरून, खालून, बॉनेट उघडून आतून आंघोळ, तशी हिलाही. पाइप हातात आला की ह्यांना जग दिसत नाही. लग्नाच्या दिवशी मलासुद्धा इतकं कौतुकानं न्याहाळलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चिरंजीवांनी सुट्टी टाकली आणि ह्यांना घेऊन मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथे काचेची खोली, गार हवा आणि टाय लावलेला साहेब. त्यानं गाडीला कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटर म्हणाला, काही दोष नाही. मग चाकांत हवा भरली, चाकं सरळ करून दिली. साहेबानं तिथल्याच आवारात एक चक्कर मारली आणि म्हणाला, जुन्या गाडीला एवढं चालायचंच.

हे म्हणाले, "अहो, मोठ्या वळणावर घेऊन बघा." तो म्हणाला, "काका, कॉम्प्युटरला दिसलं असतं."

जेवताना चिरंजीवांनी सांगितलं की त्या साहेबानं त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, काकांचं वय काय? सांगताना हसले. मीही हसले. ह्यांनी भाजी वाढून घेतली नाही, एवढंच.

आता खरं सांगते, डॉक्टरीणबाई. मीही तोच हिशोब मनात करत होते. ह्यांचे हात परवा डब्याचं झाकण उघडताना थांबले होते. ते झाकण मलाही उघडलं नाही, सूनबाईलाही नाही, शेवटी गरम पाण्यात धरावं लागलं. पण मला आठवतं ते ह्यांचं थांबणं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज आकडा एवढा चढलाय की सूनबाईनं तो दोनदा मोजला.

शाळेच्या फाटकापाशी डावं वळण आहे. काल हे वळले आणि गाडी सरळ झालीच नाही. पदपथावर चढली, कुंड्यांची एक रांग आडवी झाली, आणि लोखंडी कठड्याला टेकून थांबली. भिंगरीचा ओठ फुटला. फार नाही, पण रक्त ते रक्त. शाळेचा पहारेकरी सगळ्यांदेखत ओरडला, "आजोबा, झेपत नाही तर चालवता कशाला?"

घरी आले तेव्हा ह्यांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा होता. "चाकानं धरलं," म्हणाले. "मी दोन्ही हातांनी ओढलं, पण धरलं ते सुटायला वेळ लागला."

चिरंजीव म्हणाले, "बाबा, परवाच तपासून आणलीय गाडी."

"तपासली कुठे? जोडली फक्त कॉम्प्युटरला."

"बाबा, मुलगी होती आत."

भिंगरी ओठाला बर्फ लावून बसली होती, ती म्हणाली, "मला नाही दुखत." तिच्या त्या बोलण्यानं तर आणखीच वाईट झालं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहायचं की नाही, असं सूनबाईनं विचारलं. मी म्हटलं, लिही.

काल संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "आई, किल्ली मागितली तर बाबा देणार नाहीत. मी मागितली तर भांडण होईल. तूच बघ काहीतरी."

हे आंघोळीला गेले. शर्ट खुंटीवर होता. तो शर्ट मीच शिवलाय. त्याच्या खिशाच्या आत दुसरा छोटा खिसा आहे, किल्ली पडू नये म्हणून मीच लावून दिलेला. चोराला घरचा नकाशा आधीच ठाऊक. दोन बोटांनी किल्ली काढली आणि चिरंजीवांच्या हातात ठेवली.

हे बाहेर आले, शर्ट घातला, खिसा चाचपला. मग पँटचे खिसे, टेबल, खुर्चीची गादी. मी मेथी निवडत बसले होते. तीच जुडी दोनदा निवडली.

"किल्ली कुठे?"

"मुलाकडे."

"त्यानं घेतली?"

"मी दिली."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते, आणि पन्नास वर्षांत आमचं जसं मिटत आलंय तसं मिटलं असतं. त्यांनी शर्टाची सगळी बटणं लावली, अगदी गळ्यापर्यंत, आणि खिडकीशी जाऊन बसले.

मी चूक केली असं मला वाटत नाही. पोरीचा ओठ फुटला होता. मी परत तेच करीन. सूनबाई, हे ठळक अक्षरांत लिही.

२२ फेब्रुवारी, रविवार

बोलत नाहीत. विचारलं तेवढ्याचं उत्तर. 'चहा?' 'हं.' 'साखर?' 'हं.' एवढ्या वर्षांत मी ह्यांना इतकं कमी बोलताना पाहिलं नाही आणि, खोटं कशाला बोलू, पूर्वी कितीदा तरी मनात आलं होतं की हा माणूस दोन दिवस गप्प बसेल तर बरं होईल. आता पुरे झालं.

सकाळी चिरंजीव भिंगरीला गाडीनं सोडतात, गाडी घरी ठेवून नाक्यावर बस पकडतात. दुपारी सूनबाई तिला बसनं आणते. गाडी अंगणात धुळीनं भरलीय. हे तिच्याकडे बघतही नाहीत.

परसात मात्र काहीतरी चालतं. आज मी खिडकीतून पाहिलं, तर हे पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली उजव्या हातात धरून उभे. हात सरळ पुढे. ओठ हलत होते, म्हणजे मोजत असावेत. मग डाव्या हातात. मी ओरडून विचारलं, "काय चाललंय?"

"झाडाला पाणी घालतोय."

तिथे झाड एकच आहे आणि ते गेल्या वर्षीच वाळलंय. माणूस एकटा बसला की असं काहीबाही करतो. डॉक्टरीणबाईंना ह्यांच्याविषयीही विचारायला हवं.

१ मार्च, रविवार

विशेष काही नाही. चिरंजीवांनी खांद्याला लावायचं मलम आणलंय. ऑफिसातली खुर्ची वाईट आहे म्हणे. मी म्हटलं, सहा वर्षं त्याच खुर्चीवर बसतोस, आताच कशी चावायला लागली? तर माझ्यावरच खेकसले.

४ मार्च, बुधवार

गाडीच्या डाव्या बाजूला पोचा पडलाय. चांगला ताटलीएवढा. चिरंजीव म्हणाले, शाळेसमोर उभी होती, कुणीतरी घासून गेलं. मी त्या न पाहिलेल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भिंगरी खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधत होती. ती कधी नाड्या बांधत नाही, आज चार वेळा बांधल्या. शहाणी होतेय पोर.

हे खिडकीतून पोच्याकडे बराच वेळ बघत होते.

सूनबाईचं पेन आज सारखं थांबतंय. मी विचारलं, काय गं, शाई संपली? म्हणाली, नाही आई, बोला तुम्ही.

७ मार्च, शनिवार

आज माझ्या डोक्यात कुणीतरी दिवा लावला, आणि लावला तो आठ वर्षांच्या पोरीनं.

सकाळी भिंगरी ओट्याशी बसून पातेल्याचं झाकण हातात धरून 'गाडी गाडी' खेळत होती. झाकण फिरवताना मध्येच दात ओठ खाऊन ओढायची, मग सोडायची, मग परत ओढायची. मी म्हटलं, "अगं, आजोबांची नक्कल करू नये. पाप लागतं."

"आजोबांची नाही करत. बाबांची करतेय."

"बाबा कशाला ओढतील?"

"मग! आधी असं. मग असं. मग खांबाला लागलं." आणि लगेच तोंडावर हात. "ते सांगायचं नाहीये."

मी झाकणाकडे बघत राहिले. आधी असं, मग असं. मधली जागा मोकळी.

चाळीस वर्षं मी मशीनचं चाक हातानं फिरवलंय. हात दमला की चाक सबंध फेराभर जड लागतं. तेल संपलं तरी फेराभर जड लागतं. पण फेरा घेताना ठरावीक जागीच अडतं, आणि दर फेऱ्याला तिथेच अडतं, तेव्हा हात चांगला असतो. आत काहीतरी वाकलेलं असतं किंवा गंजलेलं असतं. हे मला शिकवायला कुठलीही शाळा लागली नव्हती. आणि तरी, एवढं माहीत असून...

मी खिडकीशी गेले. "अहो, एक सांगा. जड लागायचं ते फेराभर, की ठरावीक जागी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हवेत दोन्ही हात धरले, न दिसणारं चाक फिरवलं आणि दोन जागी थांबले. "इथे. आणि इथे. तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. सूनबाईनं मागची पानं उलटून वाचून दाखवलं. 'एका फेऱ्यात दोनदा.' मी ते लिहूनही घेतलंय आणि पुढच्याच ओळीत त्यावर विनोद केलाय.

थकलेला हात फेराभर थकतो. इथे थकला, तिथे ताजातवाना झाला, पुन्हा थकला, असा हात देवानं अजून बनवला नाही.

चिरंजीव आज दिवसभर बाहेर आहेत. त्यांना काही सांगू नकोस म्हटलं सूनबाईला. ती लिहिता लिहिता उठली, आत गेली आणि गाडीची किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणजे ह्या घरात कुणाला किती माहीत होतं ते आता मी विचारत नाही.

९ मार्च, सोमवार

पाण्याच्या टाकीखाली एका म्हाताऱ्याचं छोटं गॅरेज आहे. सगळे त्याला पानाकाका म्हणतात, कारण झोपतानाही पाना उशाशी असतो म्हणे. कानानं कमी ऐकतो, म्हणून स्वतः ओरडून बोलतो. किल्ली सापडत नाही असं सांगून सूनबाईनं, गाडी दुरुस्त होईतो, पोरीला बसनंच न्यायचं ठरवलं, आणि चिरंजीव ऑफिसला गेल्यावर त्याला घरीच बोलावलं.

आल्या आल्या अंगणातून ओरडला, "काय ड्रायव्हरसाहेब, म्हातारे झालात म्हणे!"

हे दारात येऊन उभे राहिले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पाऊल गाडीच्या दिशेनं पडलं. "मी झालोच आहे," म्हणाले. "गाडीचं बघा."

पानाकाकानं जॅक लावून गाडीची पुढची दोन्ही चाकं उचलली. म्हणाला, जमिनीचं वजन काढलं की चोर सापडतो. आत बसून स्टिअरिंग फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मान हलवली. मग ह्यांना बोलावलं, पण हे जागचे हलले नाहीत. म्हणून मी गेले.

चालकाच्या जागेवर मी जन्मात पहिल्यांदा बसले. चाक हातात धरलं. मशीनच्या चाकापेक्षा मोठं, पण चाक ते चाक. फिरवलं. सोपं, सोपं, सोपं, आणि मग धरलं. माझ्या मनगटाला कळलं. जोर लावला, सुटलं. सोपं, सोपं, आणि परत धरलं. एका फेऱ्यात दोनदा. कॉम्प्युटरला जे दिसलं नाही ते माझ्या संधिवातानं आखडलेल्या बोटांना कळलं, आणि मला एवढी लाज वाटली की चाकावरून हात काढवेना.

पानाकाका टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. तिथूनच ओरडला, "सापडला! स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा सांधा आहे. गंजून लाल झालाय. वरचं रबर फाटलंय, आत पाणी गेलंय. असंच चालवत राहिला असतात ना, तर एक दिवस वळणावर धरलं असतं ते सुटलंच नसतं!"

मला भिंगरीचा ओठ आठवला. पण तो ओठ फुटल्यानंतरही तिला तीन आठवडे ह्याच गाडीतून पाठवली. ह्यांची किल्ली काढून घेतली म्हणजे पोर सुरक्षित झाली, असं आम्ही मानलं.

पानाकाका बाहेर आला, हात पुसले. "पाणी थेंबाथेंबानं नाही गेलेलं. चांगल्या धारेनं गेलंय. बॉनेट उघडून पाणी मारतं का कुणी?"

मी म्हटलं, "त्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनीच मारलं असणार! टाय लावून पाणी मारतात मेले."

हे भिंतीकडे बघत होते. भिंतीवर बघण्यासारखं काही नाही, पाइप टांगलाय तेवढा.

१० मार्च, मंगळवार

पानाकाका नवा सांधा घेऊन आला. जुना काढण्याआधी त्यानं दांड्यावर खडूनं खूण केली, म्हणजे नवा बसवताना चाक वाकडं बसणार नाही. कापड कापण्याआधी मीही अशीच खूण करते. ह्या माणसाशी माझं जमलं असतं. दोन बोल्ट काढले, जुना सांधा काढून माझ्या हातात दिला. छोटीशी वस्तू, मुठीत मावेल एवढी. दोन बोटांत धरून वाकवायला गेले तर एका बाजूला हलायचा, दुसऱ्या बाजूला दगड.

नवा बसवला, रबर बदललं, गाडी खाली घेतली. एक मोठी चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लोणी झालंय लोणी."

तो गेल्यावर हे खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझ्या तोंडाला एक खोड आहे, डॉक्टरीणबाई, टोमण्याचं शेपूट लावल्याशिवाय वाक्य बाहेर पडत नाही. आज ते शेपूट कापून आणलं होतं.

"अहो, तुमचे हात चांगले आहेत."

"ते मला माहीत होतं," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "नाही. मध्यंतरी मलाही माहीत नव्हतं. बादली उचलून बघत होतो."

बादलीवरून मी तेव्हा ह्या वहीत काय लिहून घेतलंय ते मला आठवलं. सूनबाईला म्हटलं, ते पान फाडून टाक. ती म्हणाली, नाही आई. जसंच्या तसं ठरलंय.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी भिंतीवर पाहिलं तर पाइप नाही. विचारलं तर म्हणाले, शेजारच्या बागेसाठी देऊन टाकला. अहो, चांगला पाइप होता, कुठे तुटला नव्हता, फाटला नव्हता! आणि आज हे फडकं आणि अर्धी बादली पाणी घेऊन गाडी पुसत होते. बॉनेट उघडलंसुद्धा नाही. एकतीस वर्षांची सवय माणूस अशी एका दिवसात कशी सोडतो, मला तर कळत नाही. पण गाडीजवळ गेले, हेच पुष्कळ. म्हणून मी पाइपावरून जास्त बोलले नाही. थोडंच बोलले.

१५ मार्च, रविवार

आज चिरंजीवांना सगळं सांगितलं. आधी रागावले, आपल्याला न विचारता गॅरेजवाला का बोलावला म्हणून. मी तो जुना सांधा त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. म्हटलं, "वाकवून बघ."

वाकवून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग खाली ठेवला आणि म्हणाले, "मलाही जड लागत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून."

"आणि खांब?"

त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईनं छताकडे पाहिलं.

"आई, मी सांगितलं असतं तर बाबांची किल्ली परत द्यावी लागली असती. आणि मला वाटलं की जड लागतंय हे खरं असलं, तरी बाबांचं वय झालंय हेही खरं आहे."

मला त्यांना बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझंच पाप मुलाच्या तोंडून ऐकू आलं. मुलगा माझाच आहे. शेवटी कापड तेच, शिवण तीच.

चिरंजीव उठले, ह्यांच्यासमोर गेले आणि किल्ली पुढे केली. "बाबा, चुकलो."

हे म्हणाले, "ठेव तिथे." आणि पेपर उघडला. किल्ली अजून फ्रिजवरच आहे. भिंगरीनं विचारलं, "आजोबा, उद्या शेवटचा स्टॉप?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या बाबा सोडतील." तिचा चेहरा पडला. ते म्हणाले, "आधी मी रिकामी गाडी फिरवतो. मग ठरवू. बस दुरुस्त होऊन आली की पहिल्या फेरीला कधी प्रवासी घेत नाहीत."

१८ मार्च, बुधवार

तीन दिवस झाले. भिंगरी शाळेत पोचून गाडी परत आली की हे किल्ली घेतात आणि एकटे जातात. वीस मिनिटं. ती वीस मिनिटं मी स्वयंपाकघरात काय करते ते विचारू नका. काल डाळीत मीठ तीनदा घातलं. गाडी चांगली आहे, हात चांगले आहेत, सगळं मला माहीत आहे. तरी रस्त्यावर कुणी ब्रेक दाबला की हातातलं टाकून मी दाराकडे धावते. ही भीती कुठल्या सांध्यात बसलीय आणि तिला कुठला जॅक लावायचा, पानाकाकाला विचारायला हवं.

हे परत आले की मी दारात असते, आणि मी दारात का असते हे त्यांना कळतं.

२१ मार्च, शनिवार

आज भिंगरीला सुट्टी. चिरंजीव झोपलेले. हे तयार होऊन अंगणात गेले, आणि गाडीचं पुढचं डावं दार उघडून उभे राहिले.

"बसतेस?"

मी नेहमी मागे बसते, वरचं हँडल धरून. पुढे बस असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, मी कधी मागितलं नव्हतं.

मी म्हटलं, "हो, हो, आलेच, चष्मा घेऊन येते." आणि घरात वळले. दोन पावलं गेल्यावर कळलं की चष्मा नाकावरच आहे. मी वळून पाहिलं. हे तसेच उभे, दार धरून. त्यांनी माझा चष्मा पाहिला होता. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली मी, आज माझं माप ह्यांनी घेतलं.

सूनबाई, हेही लिही. खोडू नकोस.

मी जाऊन बसले. पट्टा लावता येईना, तो त्यांनी लावून दिला. निघालो. मी खूप बोलले, कशाकशावर बोलले ते आठवत नाही. शाळेच्या फाटकाचं ते वळण आलं तेव्हा मात्र तोंड बंद झालं. माझा हात आपोआप दाराच्या मुठीवर गेला. हे वळले. वळण संपताना त्यांनी हात सैल सोडले, आणि ते चाक त्यांच्या तळव्यांखालून सरसर फिरत सरळ आलं.

"बघ," म्हणाले.

मी पाहिलं.

"मूठ सोड आता. तुझ्या धरण्यानं गाडी थांबत नाही."

सोडली. पुढच्या वळणावर परत धरली. त्यांनी पाहिलं.

घरी आलो. ते फडकं घेऊन काच पुसायला लागले. पाठमोरे असतानाच म्हणाले, "उद्या येणार?"

"येणार."

"विचार करून सांग. घाई नाही."

"येणार म्हटलं ना!"

"बरं," म्हणाले. आणि फडकं पिळता पिळता, "आज तुला बसायला किती वेळ लागला, ते मी काही मोजत नव्हतो."

म्हणजे मोजत होते. हे निघतात साडेसातला. उद्या मी सातलाच जाऊन गाडीत बसणार आहे. पुढच्या सीटवर. आणि साडेसातपर्यंत गाडी चालवायला कुणी आलं नाही तर आतून हॉर्न वाजवीन, अख्खी गल्ली जागी झाली तरी चालेल.